मुक्या पेटीचा उशीर

मी मुकी पेटी. बोलतेय, कारण मला वाजता येत नाही.

हे नाव माझं मूळचं नव्हे. खोक्यावर ‘मिडी कीबोर्ड’ असं छापलं होतं. दिसायला मी पेटीसारखीच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. पण मला भाता नाही, आत सूर नाहीत. पट्टी दाबली की मी एवढाच निरोप पाठवते: कोणती पट्टी, किती जोरात, कोणत्या क्षणी दाबली आणि कोणत्या क्षणी सोडली. तो निरोप वायरीतून कॉम्प्युटरकडे जातो आणि सूर तो काढतो. पेटीचा म्हणाल तर पेटीचा, बासरीचा म्हणाल तर बासरीचा. माझं काम निरोपापुरतं. आणि निरोप मी वेळेवर देते. हे आधीच सांगून ठेवते, कारण खडकीत याच गोष्टीवरून एका मुलीची जागा जायची वेळ आली होती.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईने माझी एकेक पट्टी दाबून पाहिली, समोरच्या दिव्याकडे बघून मान हलवली आणि मला थर्माकोलमध्ये बसवलं. तिनेही मला वाजताना ऐकलं नव्हतं. दिवा लागला, तेवढं तिला पुरलं. इतक्या झटपट माझ्यावर विश्वास ठेवणारं माणूस पुढे मला क्वचितच भेटलं.

मग जहाज, ट्रक, टेम्पो, आणि शेवटी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एका दुकानाची वरची फळी. त्या वर्षांत पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटर हवा होता. लोक गल्लीतून सुटे भाग घेऊन जायचे आणि घरी जुळवायचे. मला मात्र कोणी नेत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, दोन बोटांनी माझ्या पट्ट्या दाबायचं, ‘बंद पडलेला दिसतोय’ म्हणायचं आणि निघून जायचं. वैतागून दुकानदारांनी माझ्यावर एक कागद चिकटवला: ‘हे स्वतः वाजत नाही. दाबून खात्री करून घेऊ नये.’

मैत्री नावाची मुलगी आली ती कॉलेजमधून थेट, पाठीवर सॅक घेऊन. बी.सी.एस.च्या शेवटच्या वर्षाला होती. सुट्टीत खडकी बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून तिने माझ्यापुरते पैसे जमवले होते. तिने कागद वाचला आणि विचारलं, “हे वाजत नाही ना?”

“नाही,” दुकानदार म्हणाले.

“मग हेच द्या.”

“आपण पहिल्याच,” ते खोकं खाली काढत म्हणाले, “ज्यांना न वाजणारं वाद्य हवं आहे. पिशवी मिळणार नाही.”

बसमध्ये तिने मला मांडीवर आडवं धरलं होतं. शेजारच्या बाईंच्या बरगड्यांना माझा कोपरा लागत होता आणि त्या दर स्टॉपला तसं बोलून दाखवत होत्या. मैत्री ‘सॉरी’ म्हणाली, पण मला उभं केलं नाही.

खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्स आहेत. त्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात मी आले. मैत्री ज्यांना जे म्हणते, तेच मीही म्हणते. पप्पा, म्हणजे रतन, कारखान्यात कामाला. आई, म्हणजे हिरा, घर बघून शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्या खाली टेबलावर मैत्रीने मित्राकडून जुळवून घेतलेला कॉम्प्युटर, आणि टेबलाखाली एक रिकामा चौकोन. तिथे पूर्वी एक पेटी असायची.

त्या पेटीची हकीकत सांगायला हवी. पप्पा नोकरी सांभाळून एका गायन पार्टीत गात. ‘नवप्रकाश गायन पार्टी’ तिचं नाव. बाबासाहेबांच्या जयंतीला, पावसाळ्यातल्या वर्षावासात, कोणाच्या बारशाला, कोणी वारलं की पुण्यानुमोदनाला ही मंडळी गायला जात. पेटी वाजवणारे संजयकाका निवृत्त होऊन लातूरला गेले आणि जाताना स्वतःची पेटी घेऊन गेले. त्यांच्याकडे जागा नाही म्हणून ती वर्षानुवर्षं पप्पांच्या घरी राहिली होती आणि मैत्री तिच्यावरच हात बसवून मोठी झाली होती. पार्टीची सगळी गाणी तिला येत होती. पार्टीतल्या कोणीही तिला ती शिकवली नव्हती.

मला पाहून पप्पांनी एक पट्टी दाबली. मग दुसरी. मग म्हणाले, “ही तर मुकी आहे गं.”

तेव्हापासून माझं नाव मुकी पेटी. मला ते आवडलं. निदान त्यात पेटी तरी होती.

मोठ्या माणसांची एक सवय मी तेव्हापासून बघत आले. घरात नवी वस्तू आली की ती काय करते हे ते विचारत नाहीत. ती काय करत नाही, हे आधी सांगतात. नव्या माणसाच्या बाबतीतही तेच.

मैत्रीने मला वायर लावली, पडद्यावर पेटीचा आवाज निवडला आणि सा दाबला. सूर आला, पण तिचं बोट उठायच्या बेतात असताना. तिने पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. संथ स्वर लावले तर चालून जात होतं, पण गाण्याच्या चालीत हात पुढे आणि आवाज मागे, असं व्हायला लागलं.

हा उशीर कुठे होतो, ते मला माहीत आहे. त्या काळी खडकी बाजारातून सहा आसनी रिक्षा सुटायच्या. तुम्ही पहिले जाऊन बसलात म्हणून रिक्षा निघत नसे. सगळ्या जागा भरल्या की निघे. कॉम्प्युटरही तसाच आवाज पाठवतो. तो आवाजाचे बारीक बारीक तुकडे एका डब्यात साठवतो आणि डबा भरला की स्पीकरकडे रवाना करतो. त्या डब्याला बफर म्हणतात. डबा मोठा असला की कॉम्प्युटरला निवांतपणा मिळतो आणि वाजवणाऱ्याला थांबावं लागतं. डबा लहान केला की सूर लवकर येतो. पण मग कॉम्प्युटरला सारख्या खेपा माराव्या लागतात, त्याची दमछाक होते आणि आवाजात चटचट ऐकू येते. मैत्रीचा कॉम्प्युटर गाणी ऐकण्यासाठी आणि गेम खेळण्यासाठी जुळवलेला होता. त्याचा डबा भलामोठा होता.

हे तिला दोन दिवसांत कळलं. तिने घरात सांगितलं, मला आठवडाभर द्या, मी हा उशीर कमी करते. पण आठवडा कोण देणार? विहारात बैठक झाली होती आणि रविवारी रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे ठरलं.

रेकॉर्डिंग हवं होतं जयंतीसाठी. पार्टीच्या गाण्यांची सीडी करून जयंतीला वस्तीत वाटायची, अशी टूम निघाली होती. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून मैत्री म्हणाली, घरी करू. ते सर्वांनी ताबडतोब मान्य केलं. तिने दुसरंही एक विचारलं: संजयकाकांच्या जागी पेटीला मी बसते. यावर कोणी हो म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही. पार्टीचे म्होरके आबा म्हणाले, रविवारी बघू. जो सीडीत वाजवेल तोच जयंतीला स्टेजवर बसेल. नवी पेटी बनवायला सांगितली होती, ती तोवर येणार होती.

आबा म्हणजे कोंडीराम. पप्पांचे मामा. पार्टीची ढोलकी त्यांची, आणि पार्टीही त्यांचीच. त्यांचा शब्द पप्पांनी कधी मोडलेला नव्हता.

रविवारी सकाळी सगळे आले. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि कोरसची मंडळी भिंतीला टेकून घाम पुसत बसलेली. ठरलं असं की आधी ढोलकी आणि पेटी भरून घ्यायची, गाणं नंतर वरून. माइक ढोलकीच्या तोंडाशी ठेवला. स्पीकर पार स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे त्याचा आवाज माइकमध्ये फार शिरू नये. पेटी वाजवणारा पार्टीत नेहमी ढोलकीच्या उजव्या अंगाला बसतो, पण माझी वायर आखूड. मैत्री टेबलापाशी, सगळ्यांच्या मागे, आबांच्या पाठीकडे बसली. तिला दिसत होता तो फक्त आबांचा उजवा खांदा आणि हात.

ती उशीर ओळखून होती. म्हणून स्पीकरकडे लक्ष न देता ती तो हात बघून वाजवत होती. थाप पडली की तिची बोटं पडत होती. मी साक्षीला आहे, एकही बोट चुकलं नाही. पण खोलीत जो सूर ऐकू येत होता, तो थाप पडून गेल्यावर येत होता. पप्पा गुणगुणत होते, ते अडखळले. कोरसमधल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आबांनी गाण्याच्या मधेच ढोलकी थांबवली.

“पोरी, हात मागं पडतोय.”

“आबा, हात नाही. आवाज कॉम्प्युटरमधून उशिरा येतोय.”

“उशिरा? तो काय स्वारगेटवरनं बस धरून येतोय व्हय?”

कोरस हसला. पप्पाही हसले, म्हणजे तोंडावर हात धरून खोकले. मैत्रीने डब्याचं सांगायला सुरुवात केली, पण कोणी ऐकलं नाही. आबा म्हणाले, यंत्राला नावं ठेवून ताल सुधारत नसतो. मग त्यांनी प्रज्ञेशला हाक मारली.

प्रज्ञेश आबांचा नातू. मैत्रीच्याच वयाचा, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. मोकळ्या मैदानात, स्पीकर पार दुसऱ्या टोकाला, आवाज कानावर यायला वेळ लागणार, अशा ठिकाणी वाजवून त्याच्या बोटांना एक खोड लागली होती. आवाज मागून येणार हे धरून ती थोडी आधीच पडायची. त्याला स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. तो येऊन बसला, दोन-चार स्वर लावून पाहिले, आणि त्याच्या बोटांनी आपोआप उशीर ओळखला. थापेच्या अगोदर माझी पट्टी दाबली जायची आणि थापेबरोबर खोलीत सूर वाजायचा.

“ह्याला म्हणत्यात हात,” आबा म्हणाले.

गाणं शेवटपर्यंत झालं. गाणं होतं मुलीच्या हातात पाटी देणाऱ्या आईचं. आबांनीच रचलेलं. त्यात आई म्हणते की लेकीला मागे बसू देऊ नका. पुढच्या रविवारी कोरस आणि पप्पांचं गाणं भरायचं ठरवून मंडळी विहाराकडे गेली. पेटीला प्रज्ञेश, मशीनला मैत्री. जाताना आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की मशीनचं काम तुझ्याइतकं कोणाला जमायचं नाही. हे कौतुक होतं. मैत्रीने त्यांचा हात डोक्यावरून खाली येईपर्यंत वाट पाहिली आणि दार लावून घेतलं.

मग तिने रेकॉर्डिंग परत लावलं.

इथे एक साधी गोष्ट सांगते. परत लावताना कॉम्प्युटरची धांदल नसते. कोणता सूर कधी हवा हे माझ्या निरोपात लिहिलेलं असतं आणि ते त्याला आधीच माहीत असतं. म्हणून जी पट्टी ज्या क्षणी दाबली, त्याच क्षणी तिचा सूर वाजतो. वाजवताना झालेला उशीर तिथे उरत नाही.

प्रज्ञेशची पेटी ढोलकीच्या पुढे पळत होती. सगळं गाणं तसंच. जणू कोणी मागे लागलंय.

मग मैत्रीने तिचं अर्धवट राहिलेलं लावलं. तिने ते पुसलेलं नव्हतं. मागे स्पीकरचा पुसट आवाज शिरला होता, पण पेटी आणि ढोलकी एका जागी पडत होती. थाप आणि सूर, थाप आणि सूर. आबांनी ढोलकी थांबवली तिथे ते संपलं.

तिने पप्पांना हाक मारली. पप्पा सोमवारच्या ड्युटीसाठी बूट पुसत होते. ते उंबऱ्यापर्यंत आले, दोन्ही रेकॉर्डिंग ऐकली. त्यांना कळलं. गाणाऱ्या माणसाला न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ते म्हणाले, “मामांनी सांगितलंय ना. मग राहू दे आता.”

“चुकीचं सांगितलंय.”

“असेल. पण मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर चूक म्हणायचं नसतं.”

“मला मागे पडतेस म्हणाले, ते कुठे एकट्यात म्हणाले?”

पप्पांनी बूट उचलला आणि पुसलेलाच भाग पुन्हा पुसायला घेतला. आईने आतून शिलाई मशीन थांबवलं होतं.  थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं, नेहमीपेक्षा जोरात.

चूक झाली याचा राग मैत्रीला तेवढा नव्हता. चूक ठाऊक असून घरातली माणसं गप्प बसतात, याचा होता. मला तर पप्पांचाही आला. पण मी मुकी.

तो आठवडा तिने मला आणि कॉम्प्युटरला सोडलं नाही. नेट कॅफेत जाऊन तिने जगभरातल्या लोकांचे प्रश्न वाचले. ब्राझीलमधला कोणी, पोलंडमधला कोणी, सगळे हेच विचारत होते की पट्टी आत्ता दाबली, सूर मग का येतो. उत्तरही तिथेच होतं. कॉम्प्युटरमधला जो प्रोग्रॅम आवाज स्पीकरकडे नेतो, तो वाटेत दहा ठिकाणी थांबतो. त्याच्याऐवजी थेट नेणारा दुसरा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तिने तो सीडीवर उतरवून आणला. मग डबा लहान करायला घेतला.

निम्मा केला. उशीर कमी झाला. आणखी निम्मा केला. सूर बोटाला चिकटून यायला लागला. आणखी निम्मा केला, तर लाह्या फुटाव्यात तशी चटचट. तिने व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बंद केला, मित्राने टाकलेले गेम काढले. चटचट कमी झाली, पण गेली नाही. जी वाद्यं भरून झाली होती, ती कॉम्प्युटर दर वेळी नव्याने घडवत बसत होता. ती तिने एकदाच घडवून, आवाज म्हणून साठवून पक्की करून टाकली, म्हणजे त्याचं ओझं उतरलं. शेवटी तिने डबा एक पायरी मोठा केला. आता चटचट नव्हती आणि उशीर इतकाच होता की बोटाला कळत नव्हता. पार नाहीसा तो कधीच होत नाही. खऱ्या पेटीतही भात्यातून वारा सुरापर्यंत जायला काही वेळ लागतोच, फक्त त्याचा कोणी हिशेब मागत नाही.

शुक्रवारी प्रज्ञेश आला. तिने बोलावलं होतं. तिने त्याला नव्या मांडणीवर वाजवायला सांगितलं. आता उशीर नव्हता, बोटं मात्र जुन्या खोडीने आधीच पडत होती. पहिल्या कडव्यातच त्याने हात उचलला.

“आयला, मी पळतोय.”

“मागच्या रविवारीही पळत होतास.”

तिने त्याला ऐकवलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला की आजोबांना सांग. ती म्हणाली तू सांग. तो म्हणाला, मला घरी राहायचंय. मग दोघं हसले. जाताना तो म्हणाला, ती जागा मला नकोच आहे, मला रविवारी लग्नाच्या ऑर्डरी असतात.

दुसरा रविवार उजाडला. तीच मंडळी, तोच बंद पंखा. सगळे बसल्यावर मैत्रीने मला उचललं, वायर पुरेल तितकं पुढे आणून सतरंजीवर ठेवलं आणि आबांना मागे वळून बसायला सांगितलं.

“आबा, यात आज ढोलकीचा आवाज घातलाय. एका बोटाने साधा ठेका धरून दाखवा. कॉम्प्युटर तपासायचाय.”

तिने डबा पुन्हा मोठा करून ठेवला होता, पहिल्या रविवारी होता तेवढा. हे मला आणि प्रज्ञेशला माहीत होतं. प्रज्ञेश छताकडे बघत होता.

आबांनी बोट माझ्यावर ठेवलं. त्यांचं बोट कसं होतं सांगू? जाड, रबरासारखं घट्ट, आणि तरी इतकं नेमकं की मला शहारा आला. त्यांनी पट्टी दाबली. आवाज मागून आला. त्यांनी दुसरी थाप दिली, आवाजाची वाट बघितली, मग तिसरी दिली. आवाजासाठी थांबायचं म्हणून थाप लांबली, थाप लांबली म्हणून आवाज आणखी लांबला. साधा ठेका, पण तो चिखलात चालल्यासारखा व्हायला लागला. कोरसमधून कोणी नाक शिंकरल्यासारखं केलं.

मैत्री म्हणाली, “आबा, हात मागे पडतोय.”

आई चहाची किटली घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. पप्पांचा चेहरा उतरला. आबांनी मान वर केली.

“माझा?”

मैत्रीने पट्टीकडे बोट दाखवलं. आबांनी पुन्हा पट्टी दाबली. पुन्हा. मग बोट काढून घेतलं.

“मी न्हाई मागं पडत. हे यंत्र मागं पडतंय.”

“हेच मी मागच्या रविवारी सांगत होते. तुम्ही म्हणालात, यंत्राला नावं ठेवून ताल सुधारत नाही.”

कोणी हसलं नाही. मैत्रीने टेबलाशी जाऊन डबा लहान केला आणि आबांना पुन्हा वाजवायला सांगितलं. या वेळी आवाज बोटाखालीच होता. आबांनी ठेका धरला, एक तिहाई घेतली, आणि नकळत त्यांचा डावा हातही माझ्यावर आला. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे बघतायत. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

तिने प्रज्ञेशचं रेकॉर्डिंग लावलं. पेटी पुढे आणि ढोलकी मागे. आबा म्हणाले की मशीननं बिघडवलंय. प्रज्ञेश उठून उभा राहिला.

“आजोबा, मशीन नाही. मीच पुढं पळतोय. मी घरी येऊनही हेच सांगणार आहे.”

मग तिने स्वतःचं लावलं, आणि बाजूला उभी राहिली. पहिल्या ओळीला आबा नुसते ऐकत होते. दुसऱ्या ओळीला ते पुन्हा पुढे वळले आणि त्यांनी ढोलकी जवळ ओढली. तिसऱ्या ओळीपासून ते वाजवायला लागले, स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या ढोलकीवर पुन्हा ढोलकी, आणि मैत्रीची पेटी त्यांच्या थापेच्या आत बरोबर बसत होती. खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकू येत होतं. कोरसमधला एकजण मान डोलवायला लागला.

मागच्या रविवारी त्यांनी तिला जिथे थांबवलं होतं, तिथे रेकॉर्डिंग संपलं. आबांचा हात चालूच राहिला. आणखी अर्धी ओळ ते एकटेच वाजवत गेले. मग थांबले.

“पुढचं कुठं हाय?”

“नाही,” मैत्री म्हणाली. “तुम्ही थांबवलंत.”

आबांनी ढोलकीच्या दोरीशी चाळा केला. एक कडी वर सरकवली, पुन्हा खाली आणली. मग त्यांनी अंग थोडं डावीकडे घेतलं आणि उजव्या बाजूच्या सतरंजीवर दोनदा हात आपटला. ती पेटीवाल्याची जागा.

मैत्री मला उचलून निघाली, पण वायर ताणली गेली. पोचत नव्हती. ती तिथेच अडून उभी राहिली, माझं एक टोक तिच्या हातात, दुसरं टेबलाला बांधलेलं.

तेव्हा पप्पा उठले. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. टेबलाची एक बाजू धरली आणि प्रज्ञेशला दुसरी धरायला सांगितली. कॉम्प्युटर, पडदा, स्पीकर, सगळ्यासकट ते टेबल त्यांनी खोलीच्या मधोमध आणलं. कोरसला पाय आवरून घ्यावे लागले. एक म्हातारे म्हणाले की रतन, आता आम्ही बसायचं कुठं? पप्पा म्हणाले, “मागे.”

मग वायर पोचली. मैत्री आबांच्या उजव्या अंगाला बसली आणि मला मांडीवर घेतलं. पप्पांनी सूर मागितला. ते गाणं त्या दिवशी पहिल्यापासून शेवटपर्यंत झालं.

जयंतीला नवी पेटी आली होती. मैत्री स्टेजवर तीच घेऊन बसली. मला घरी ठेवलं होतं. पण वस्तीतल्या कोणीतरी सीडी जोरात लावली होती, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. त्यातले निरोप माझे होते.

आबांनी आपण चुकलो असं कधीच म्हटलं नाही. पुढे कित्येक वर्षं ते लोकांना सांगत की मशीनमध्ये दोष होता, तो मीच पकडला. मैत्री ते ऐकायची आणि म्हणायची, खरंय, तुमच्याच बोटाने पकडला. आबा गेले तेव्हा पार्टीने त्यांचीच गाणी गायली. पेटीला तीच होती.

आता ती हिंजवडीला एका कंपनीत आहे. नवे कॉम्प्युटर इतके चपळ आहेत की माझा उशीर कोणाला आठवतही नाही. मी कपाटावर असते. माझ्या दोन पट्ट्या चिकटतात आणि एक दाबली की खालीच राहते. जयंतीच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मैत्री मला खाली काढते, ओल्या फडक्याने पुसते आणि विहारातल्या मुलींना घेऊन बसते. एखादी नवखी मुलगी गडबडली की मागे बसलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, हिचा हात मागे पडतोय. मैत्री तेव्हा आधी वायर तपासते, मग पडदा बघते, आणि मग त्या माणसाकडे बघते.

मला सूर नाही, म्हणून शेवटीही एक निरोपच देते. कोणाला मागे पडतेस म्हणण्याआधी तिचं वाजवणं एकदा परत लावून ऐका. तुम्ही थांबवलंत तिथून पुढचं गाणं तिला येतं.